सहा पाऊण साडेचार

यंत्र आलं ते परदेशात वापरून झालेलं,
धरमतरच्या खाडीतून, बार्जवर, ताडपत्रीखाली,
आणि कारखान्यातल्या एकुलत्या एक गार खोलीत
जाऊन बसलं.

वीज गेली की त्याला काही म्हणजे काही आठवत नसे.
जागं झालं की आधी तारीख विचारी.
मग, ग्रीनिचला किती वाजले?
मग, तुम्ही तिथून किती तास पूर्वेला?
एक अधिकचिन्ह आणि पुढे दोन अंकांपुरती जागा.
साडेपाच लिहायची सोयच नव्हती.
ज्यांनी ते घडवलं, त्यांच्या ओळखीपाळखीत
अर्ध्या तासावर राहणारं कुणी नसावं.

द्वितीयेच्या रात्री मी सहा लिहिले.
अर्ध्याचं सकाळी बघू, म्हटलं,
आणि पगाराच्या टेपा चढवता चढवता विसरलो.

षष्ठीला, उजाडता उजाडता, दारात जोमा नाखवा.
चपला बाहेर काढलेल्या. हातात जेटीची छापील पावती:
बार्ज सात. आगमन पाच वाजून दोन मिनिटे.
उशीर बत्तीस मिनिटे. दंड पंचावन्न रुपये.

"सायेब, यो कागद खोटा हाय.
आज सष्टी. सहा पाऊण साडेचार.
भरल्या पान्यावर लावली मी बार्ज.
पाचाला पानी पाठ फिरवतं.
तुमच्या मशीनला तिथी कोन सांगतं?"

पाऊणकी मलाही येत होती,
छड्या खाऊन पाठ केलेली.
तिच्यात समुद्र आहे
हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

ट्रान्झिस्टर लावला. सातचे टोले पडले.
पडद्यावर साडेसात.

आता घड्याळ मागे घ्यावं, तर तेही घेता येत नाही.
मागे घेतलं की तीच मिनिटं पुन्हा येतात,
तेच पोतं दुसऱ्यांदा चढतं,
गेटातून तोच माणूस दोनदा आत शिरतो.
एकच उपाय: यंत्र बंद करायचं
आणि खरी वेळ चालत येईपर्यंत
थांबायचं.

साडेसातला सगळे दिवे मालवले.
पंख्यांची घरघर गेल्यावर कळलं,
खोलीला आवाज होता.
मी आणि जोमा जेटीच्या कठड्यावर बसलो.
पाणी निम्मं उतरलं होतं, चिखलात निवट्या उड्या मारत होत्या.
तो बिडी ओढत होता, मी काहीच करत नव्हतो.
इतकं काहीच मी त्याआधी कामावर केलं नव्हतं.
त्याने विचारलं, "मशीन झोपलं का?"
म्हटलं, "हो."
"मंग यो येल कुनाच्या खात्यात?"
मला सांगता आलं नाही.

आठला पाच कमी. जोमाच्या हातात ट्रान्झिस्टर,
माझा डावा हात मागच्या चावीवर, दाबून धरलेला,
उजवा कळेवर.
आठ वाजता ग्रीनिचला अडीच होतात.
मी दोन लिहिले.
तिकडे अर्ध्या तासाची थाप मारली
तेव्हा कुठे इकडे खरं उमटणार होतं.
टुक्. टुक्. टुक्. जोमाने श्वास धरलेला.
शेवटच्या लांब टोल्यावर कळ दाबली.

यंत्राच्या वहीत सगळं सलग आहे:
आठ वाजले,
आणि लगेच आठ वाजले.
मधे बिडी नाही, चिखल नाही, आम्ही नाही.

जोमाचा दंड मी निळ्या शाईने खोडला, सही केली.
तो म्हणाला, "दोन मिन्टं मातर लागलीच व्हती,"
आणि चपला घालून गेला.

दुपारी जुन्या पावत्या काढल्या,
द्वितीयेपासूनच्या.
पदाजी. हसुराम. आणि एक नवा पोर,
ज्याचं नाव रिबन सुकल्यामुळे नीट उमटलं नव्हतं.
तिघांचा अर्धा अर्धा तास उशीर.
खाली तिघांचे अंगठे, न भांडता दिलेले.

दोघे सापडले.